देवखोलीतली निर्मळ हवा

मित्रांनो, डब्याएवढे माझे शरीर आता पिवळे पडले आहे आणि श्वास घेताना आतला चिमुकला पंखा घरघरतो. धूरमापक म्हणतात मला; जुना झालेला, पण कामातून अजून न सुटलेला.

माझे काम साधे. भोवतालची हवा आत ओढायची, तिच्यावर प्रकाशाची बारीक तिरीप सोडायची आणि त्या तिरिपीत चमकणारे कण मोजायचे. विडी-सिगारेटला कधी न शिवलेल्या माणसाच्या छातीत दुसऱ्याचा किती धूर उतरतो, ते मी सांगतो. मालवणच्या एका चहाच्या हॉटेलात माझा आकडा पाहून मालकाने धूर काढणाऱ्यांना बाकांसकट बाहेर बसवले. धुराची पाहणी करणाऱ्या प्राजक्ताताईंनी त्या दिवशी मला स्वतःच्या रुमालाने पुसले. आकडा बोलला की माणसे ऐकतात, अशी माझी तेव्हापासून समजूत झाली.

मग मसुऱ्याच्या एका घरी मला सात दिवसांसाठी नेले. घरात दत्ताराम आजोबा, त्यांची सून विनीता आणि पाच वर्षांची नात गौरजा. गौरजाचे वडील गोव्यात नोकरीला. पोरीला दमा. डॉक्टरांनी घरातला धूर बंद करायला सांगितलेले, आणि आजोबा तिच्या उशाशी, माजघराच्या खिडकीत बसून दिवसाकाठी वीसेक विड्या ओढत. त्यांचा जीव होता हो तिच्यावर. तिला धाप लागली की तेच तिची पाठ चोळत, दुसऱ्या हातात विडी तशीच धरून. सासऱ्यांना तोंडाने सांगणे विनीताला या जन्मी जमले नसते. म्हणून तिने पाहणीत नाव दिले होते. तिच्या वतीने मी बोलायचे होते.

प्राजक्ताताईंनी मला गौरजाच्या उशाशी, तिच्या नाकाच्या उंचीला ठेवले आणि बजावले, याच्याजवळ अगरबत्तीसुद्धा लावू नका. त्या अंगणाबाहेर पडताच आजोबांनी मला उचलले.

"कचेरीची वस्तू ती. हंय पोरांच्या हाताक लागतली," ते म्हणाले. "देवाच्या खोलीत ऱ्हवांदे."

विनीता पदर सावरून वाटेतून बाजूला झाली.

सात दिवस मी देवांच्या शेजारी फळीवर राहिलो. रोज सकाळी माझ्यापुढे जास्वंदीचे फूल येई. माझ्यासाठी आजोबांनी अगरबत्ती बंद केली, दार ओढून घेतले. देवखोलीत विडी नेण्याचे पाप त्यांच्या हातून कधी घडलेच नव्हते. भिंतीपलीकडे काडी ओढल्याचा आवाज येई, थोड्या वेळाने खोकला. ऐकलेले मोजण्याची सोय माझ्यात नाही. निर्मळ हवा आत येत राहिली, आणि खरे तेच नोंदवत मी खोटा साक्षीदार होत गेलो.

आठव्या दिवशी आजोबांनीच मला पुसून ताईंच्या हाती दिले. नोंदी उतरवून ताईंनी कागद पुढे केला. घरातली हवा उत्तम आहे, असे त्यांनी सांगितले.

"बघ गो विनीता, मशीन काय खोटा बोलतली?" आजोबांनी समाधानाने विडी पेटवली. "आता खंय गेलो तुमचो डाक्तर?"

गौरजा खोकू लागली. तेव्हा विनीता बोलली, मान खाली घालून, लेकीच्या पाठीवर हात ठेवून.

"ताई, ह्यो आकडो देवाचो. माज्या चेडवाचो खंय आसा?"

प्राजक्ताताईंनी मी कुठे होतो ते विचारून घेतले, आणि त्यांचा चेहरा उतरला. आणखी सात दिवस द्या, त्या विनवू लागल्या. आजोबांनी हात जोडले. एकदा पास झालेल्या परीक्षेला घर पुन्हा कशाला बसेल? तोवर त्यांनी तो कागद भिंतीला चिकटवलाही होता. मला पिशवीत घातले गेले.

त्यानंतर मी पुष्कळ घरे पाहिली; ते दार मात्र पुन्हा उघडले नाही.

मित्रांनो, माझा कोणी भाऊबंद तुमच्या घरी आला तर त्याला जपू नका. फूल नको, फळी नको. जिथे घरातली सगळ्यांत लहान छाती वरखाली होते, तिथे त्याला ठेवा. आणि तो आलाच नाही, तर त्याची वाट पाहत बसू नका. आजोबांच्या बोटांतली विडी तुम्हीच मागून घ्या. सुनेची जीभ जिथे अडते, तिथे नातवंडाचा हात पोहोचतो.

आजोबांची विडी मागून घे, हे गौरजाला सांगण्यासाठी मी देवखोलीत सात दिवस धडपडलो. मला तोंड नाही. नंतर कुणी तिला सांगितले की नाही, मला ठाऊक नाही.