माझ्या मागून म्हणा

तिसरा तास होईपर्यंत बाई खुशीत होत्या, हे आधी सांगून टाकते. वर्गात चार कोपरे केले होते. एका कोपऱ्यात पोरं तराजूत खडे तोलत होती, दुसऱ्यात पट्टीनं बाकं मोजत होती, तिसऱ्यात बियांना आलेले कोंब बघून चित्रं काढत होती. चौथ्या कोपऱ्यात दुकान, आणि दुकानदारीण अर्थातच भोंगा. चौथीतली पोर, पण आवाज असा खणखणीत की बाईंनीच लाडानं हे नाव पाडलेलं.

बाईंनी गिऱ्हाईक होऊन चिठ्ठी पुढे केली. ‘दोन साबण, एक कंगवा.’ भोंग्यानं चिठ्ठी हातात धरली, छाती पुढे काढली आणि धडा सातवा म्हणायला लागली! वर्ग खो खो हसला. बाईही हसल्या. मग त्यांनी दुसरी चिठ्ठी दिली, तिसरी दिली. दर वेळी धडा सातवाच. पोरीला एक अक्षर वाचता येत नव्हतं.

आता बोल कुणाला लावायचा? वर्गात साठ पोरं आणि बाईंची पद्धत ठरलेली, ‘माझ्या मागून म्हणा.’ वाचनाच्या परीक्षेला सगळ्यांना तोच उतारा, आणि हजेरीत भोंग्याचा नंबर शेवटचा. एकोणसाठ जणांचं ऐकल्यावर भिंतीलासुद्धा पाठ होईल. तीन वर्षं हे डोळ्यांसमोर चाललं होतं, आणि बाईंना पत्ता नाही!

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात पसारा आवरताना त्या मनातल्या मनात स्वतःला शिव्या घालत होत्या. तराजू उचलता उचलता त्यांचा हात तिथंच थांबला. सकाळी गप्पांच्या तासाला प्रत्येकानं घरी काय मदत करतो ते सांगितलं होतं. भोंगा म्हणाली होती, “मी आजीला औषध देते. बाटलीवरचं वाचून.” आणि बाईंनी अख्ख्या वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या होत्या.

बाई चप्पल कशीबशी पायात सरकवून धावत सुटल्या.

भोंग्याची आई शिलाई मशीनवर बसली होती. बाईंना बघून ती लगबगीनं उठली.

“आजी कुठं आहेत?” बाईंना धाप लागली होती.

“आत झोपल्यात. दुपारपासून अगदी गाढ. आज सकाळीच डॉक्टरांनी नवी बाटली दिली, तिचाच गुण बघा.”

“औषध दिलं कोणी?”

“कोण देणार? आमची डॉक्टरीण! सकाळी देऊन गेली, मधल्या सुट्टीत पळत येऊन परत दिलं. आम्हाला कुठं मेलं वाचता येतंय?”

मधली सुट्टी. म्हणजे त्या चिठ्ठ्यांच्या नंतर. तेव्हाच डोकं चाललं असतं तर!

“अहो, तिला वाचता येत नाही!”

आईचा चेहरा पडला आणि लगेच ताठला. “असं कसं म्हणता, बाई? प्रगतिपुस्तकात तुम्हीच लिहिलंय ना, वाचन उत्तम? शेजारणीकडून दरवर्षी वाचून घेते मी. ये गं, दाखव बाईंना वाचून.”

भोंग्यानं फळीवरची बाटली घेतली, छाती पुढे काढली. “सकाळी तीन चमचे, दुपारी तीन चमचे, रात्री तीन चमचे.”

ते जुन्या बाटलीवरचं होतं. औषधवाल्यानं एकदा सांगितलेलं, तिनं पाठ केलेलं. बाईंनी बाटली हिसकावून घेतली. तिच्यावरच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, फक्त झोपताना, पाच थेंब.

त्यांनी ते मोठ्यानं वाचलं आणि आई आत धावली. “सासूबाई! अहो सासूबाई, उठा ना!” तिचा आवाज चढत गेला. आतून दुसरा आवाज येईना. बाईंनी दवाखान्याला फोन लावला. पलीकडचा माणूस पत्ता विचारत होता आणि बाईंना घर नंबर आठवेना.

कुणीतरी पदर ओढला. भोंगा इतक्या हळू कधीच बोलली नव्हती.

“बाई, मी बरोबर वाचलं ना?”