‘बरंय’ ऐकणारी खुर्ची

मित्रांनो, मी मनोविकार संशोधन विभागातली एक जुनी खुर्ची आहे. लोखंडी पाय, वर हिरवं रेक्झिन. कारखान्यातून निघाले तेव्हा वाटलं होतं, एखाद्या साहेबाच्या केबिनमध्ये मिरवीन. कसलं काय, नशिबी आली प्रश्नांची खोली.

तिथे प्रश्न विचारायला एक ताई असायच्या. स्वभावाने गरीब, बोलायला गोड. "गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं? झोप उडाली? जीव घाबरा झाला?" उत्तर ‘मुळीच नाही’ आलं तर शून्य, ‘जवळजवळ रोज’ आलं तर तीन. बेरीज उतरली की माणूस सुधारला. माझ्यावर बसून लोक ओक्साबोक्शी रडले, पण कौतुक झालं ते बेरजेचं. मला कुणी साधं फडकंही मारलं नाही.

इस्त्रीच्या दुकानात काम करणारी एक बाई थोरल्या बहिणीला घेऊन यायची. पहिल्या खेपेला तिने सगळं खरं सांगितलं. ऐकता ऐकता ताईंचे डोळे भरून आले आणि तिथेच घोळ झाला. पुढच्या खेपेपासून बाई प्रत्येक प्रश्नाला "आता बरंय" म्हणू लागली. इकडे तिची नखं माझं रेक्झिन सोलायची. मला सगळं कळायचं, पण खुर्चीला विचारतो कोण?

एकदा बहिणीने तिला दारातच गाठलं. "अगं, रात्र रात्र टक्क जागी असतेस. आत खोटं कशाला सांगतेस?"

"जाऊ दे गं अक्का. एवढ्या मायेने करतात, किती रडगाणं गायचं? आतल्या त्या पोरीचा चेहरा पडतो."

तिथे उदासीवरच्या गोळ्यांचा अभ्यास चालायचा. त्याचा नियम असा होता, की बेरीज उतरली की गोळ्या हळूहळू बंद करायच्या आणि माणूस तसाच बरा राहतो का ते बघायचं. ताईंनी हसून तिचं अभिनंदन केलं. बाईही हसली. माझ्यावरून उठायला मात्र तिला बराच वेळ लागला.

पुढे अक्का एकटीच आली. "ती अंथरूण सोडत नाही. घास घेत नाही. गोळ्या पुन्हा सुरू करा."

ताईंनी फाइल उघडली. "पण इथे तर ती बरी झालीये, अक्का."

"मग ही तुमची बरी झालेली द्या मला, आणि माझी बहीण तुम्ही ठेवून घ्या."

ताई धावत मोठ्या डॉक्टरांकडे गेल्या. पण बाईचे आकडे कधीच पुढे अहवालात गेले होते. ती सुधारलेल्यांत मोजली गेली आणि अक्काला बाहेरच्या रांगेत नंबर लावायला सांगितलं.

आता मी जिन्याखाली पडून आहे. माझं राहू द्या, माझं वय झालं. पण मित्रांनो, घरात कुणी ‘बरंय’ म्हणालं तर लगेच उठू नका. आणि खरं ऐकायला बसलात, तर आधी स्वतःचा जीव घट्ट करा. नाहीतर आजारी माणूस तुमचीच समजूत घालत बसतो, आणि त्यातच संपतो.