मिस व्हांजीची जागा

"हे बघ, रविवारच्या पेपरात आलंय." मार्लिसने कात्रण टेबलावर सरकवलं. "आपल्याच शाळेला विशेष मुलांसाठी शिक्षक हवाय. म्हणजे दुसरा वर्ग निघणार बहुतेक. मी अर्ज टाकू?"

व्हांजी रंगाचे डाग पुसत होती. जाहिरातीतली जागा तिचीच होती.

फिलिपिन्सहून मोंटानातल्या या गावी येऊन तिला पाचवं वर्ष लागलं होतं. व्हिसा सहा वर्षांचा. कायमचं राहायचं, तर शाळेने आधी तिची जागा जाहीर करायची आणि लायक अमेरिकन माणूस मिळत नाही, हे दाखवायचं. मगच कागद पुढे सरकणार. अर्ज करणाऱ्यांशी यावर एक अक्षरही बोलायचं नाही, असं वकिलाने तिला बजावलं होतं.

"टाक की," ती म्हणाली.

मार्लिस तिची वर्गातली मदतनीस. तिने अर्धवट सोडलेली पदवी व्हांजीनेच मागे लागून पुरी करून घेतली होती. दोन हिवाळे शाळा सुटल्यावर व्हांजीच्या स्वयंपाकघरात अभ्यास चालायचा. जेवायला भात आणि तळलेले सुके मासे. "या वासामुळे रसेल मला कोटासकट बाहेर झोपवेल एक दिवस," असं नवऱ्याबद्दल म्हणत मार्लिस दुसऱ्यांदा वाढून घ्यायची. जानेवारीत तिला शिक्षकाचा परवाना मिळाला, तेव्हा व्हांजीने सगळ्या शाळेला शेवया करून घातल्या होत्या.

तीन आठवड्यांनी मुख्याध्यापक टोलेफसन यांनी तिला बोलावलं.

"एकच अर्ज आलाय," ते म्हणाले. "तिच्याकडे परवाना आहे. तिला नालायक कसं ठरवू?"

"नका ठरवू, सर. ती चांगली शिकवते."

"व्हिसा आहे तोवर वर्ग तुझाच. पण वकील म्हणतो, कागद इथेच थांबले. पुन्हा पहिल्यापासून करायला आता मुदत नाही."

त्यांनी मार्लिसलाही सगळं सांगितलं असावं. संध्याकाळी व्हांजी बाहेर आली, तर मार्लिस तिच्या गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत होती.

"मला सांगायचंस तरी, व्हांजी."

"बोलायची मनाई होती."

"मग आता सांग. मागे घेऊ अर्ज?"

व्हांजीला हो म्हणायचं होतं. ग्रीन कार्ड झालं असतं, तर नवरा आणि मुलगी लिएझल फिलिपिन्समधल्या इलोइलोहून इकडे आले असते. चार वर्षांत मुलीला ती दोनदाच भेटली होती.

"ते मला विचारू नकोस," ती म्हणाली.

मार्लिस खरवडत राहिली. काच केव्हाच स्वच्छ झाली होती.

"रसेलची पाठ कामातून गेल्यापासून माझ्या एकटीच्या पगारावर घर चाललंय," ती शेवटी म्हणाली. "मदतनिसाच्या पगारात नाही भागत गं."

"माहीत आहे मला."

मार्लिसने अर्ज मागे घेतला नाही.

त्या रात्री व्हांजीने घरी फोन लावला. तिकडे सकाळ होती.

"पुढच्या जूनमध्ये येते मी," ती नवऱ्याला म्हणाली.

"सुट्टीवर?"

"नाही."

"लिएझलला तूच सांग. मला नाही जमणार."

पुढचं वर्ष दोघींनी त्याच वर्गात काढलं. सुरुवातीला बोलणं मुलांपुरतंच. मग एकदा एक मुलगा मार्लिसच्या मनगटाला कडकडून चावला. व्हांजी पट्टी बांधत असताना मार्लिस म्हणाली, "पाच वर्षांत तुला एकदाही नाही चावला हा."

"माझ्या हाताला सुक्या माशांचा वास ना. त्याला आवडत नाहीत."

दोघी हसल्या. त्यानंतर पुन्हा एकत्र डबा खाऊ लागल्या. अर्जाचा विषय मात्र कोणीच काढला नाही.

जूनमध्ये, शाळेच्या शेवटच्या आठवड्यात टोलेफसननी वर्ग मार्लिसला घ्यायला सांगितला. व्हांजी मागे, मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसली. गोष्टीच्या वेळी सगळी मुलं चटईवर गेली, पण टेस नावाची मुलगी उठून थेट व्हांजीपाशी आली आणि हात पुढे करून उभी राहिली. मार्लिस वाचायची थांबली.

व्हांजीने टेसचा हात धरला, तिला चटईपर्यंत नेलं आणि तो हात मार्लिसच्या हातात दिला. मग मागे जाऊन ती पेन्सिलींना टोकं काढत बसली.