पानांची शाल

“ती शाल उसव आणि त्या लोकरीचे मोजे कर.” सुया माझ्या हातात देताना जाऊबाई म्हणाल्या होत्या. नक्षीच्या कागदावरचे बारीक चौकोन त्यांना आता दिसत नव्हते. बोटं मात्र बसल्या बसल्या चादरीच्या काठाशी चाळा करत होती.

“उसवणार नाही,” मी म्हटलं. “तुम्ही विणा, मी वाचून दाखवीन.”

“तू? अगं, तुझं विणकाम म्हणजे सरळ रस्ता. वळण आलं की तू मोजा संपवतेस.”

“शिकेन मी.”

त्या हसल्या, पण अर्धवट शालीवरून त्यांचा हात काही निघेना. मला तेवढं पुरे झालं.

शाल, सुया आणि नक्षीचा कागद मी घरी आणला आणि कागद उघडला. रिकामा चौकोन म्हणजे सुलट टाका, टिंब म्हणजे उलट, गोल म्हणजे सुईला नुसता वेढा, तिरकी रेघ म्हणजे दोन टाके एकत्र. समासात लिहिलेलंच होतं सगळं. रोज पोथी वाचणारीला यात काय अवघड? वरच्या ओळीपासून वाचत गेले आणि उरल्यासुरल्या लोकरीचा एक नमुना विणला.

सुनेने तो उचलून धरला. “आई, ही पानं की वटवाघळं? सगळी उलटी लटकलीत.” मग तिने कागदावर बोट ठेवलं. “एकचा आकडा खाली आहे बघा.”

खरंच की. शाल खालून वर वाढते, तसा कागदही. पहिली ओळ उजवीकडून, दुसरी डावीकडून, सुया जातात-येतात तशीच. परतताना कापडाची पाठ समोर असते, तेव्हा रिकामा चौकोन उलट विणायचा आणि टिंब सुलट. हे कळेपर्यंत आणखी एक नमुना बिघडला.

“आता वटवाघळांना पुरळ आलंय,” सून म्हणाली.

पुढच्या नमुन्यात पान नीट उभं राहिलं, देठ खाली, टोक वर. तो मी देवापुढे ठेवला. जाऊबाई जिथे थांबल्या होत्या, त्या ओळीवर पेन्सिलीने खूण केली.

सकाळी पूजा होईपर्यंत मी बोलत नाही. आज पूजा आटोपली तरी तोंड उघडलं नाही. सुनेने चहा विचारला, तर मानेनेच ‘नंतर’ म्हटलं. शाल, सुया, कागद पिशवीत घातले, चपला सरकवल्या आणि मागच्या गल्लीतल्या जाऊबाईंच्या घराकडे निघाले. खुणेची ओळ मनात घोळवत होते; आजचे पहिले शब्द तेच, त्यांना वाचून दाखवायचे.