माशी कुणाच्या उजवीकडे?

आर्लेटा कॉडिलने जन्मात कधी नाकावर माशी बसू दिली नव्हती, आणि आता तिला पिस्तुलावरची माशी दिसेना. नळीच्या टोकावर लोखंडाचं एवढंसं टोक असतं, त्याला माशी म्हणायचं; ते मागच्या खाचेत धरायचं की झाला नेम. सगळा खेळ त्या टोकाचा. म्हातारीला ते धुक्यातल्या खुंटासारखं दिसायला लागलं होतं. पण हे बोलायचं कुणाजवळ? बोललेलं परत गिळता येत नाही.

पानं पिवळी पडली की त्यांच्या खोऱ्यात आगबंबवाले नेमबाजीची स्पर्धा ठेवत. एक माणूस, एक पुठ्ठा, एक गोळी. ज्याचं भोक मधल्या ठिपक्याच्या सगळ्यात जवळ, त्याला धुरावलेली डुकराची तंगडी. त्या तंगडीपायी केंटकीची माणसं सख्ख्या भावाचं लग्न चुकवतील. आर्लेटाने अशा कितीतरी तंगड्या घरी आणल्या होत्या. पण गेल्या वर्षी तिची गोळी पुठ्ठ्याच्या कडेला लागली होती आणि यंदाची स्पर्धा जवळ आली तसा लेक डॉयल मानभावीपणे म्हणाला, "आई, यंदाही असंच झालं ना, तर पुढच्या वर्षीपासून तू सफरचंदाच्या पाई विकायला बस. सावलीत टेबल असतं, खुर्ची असते."

त्या टेबलाशी बसलेली बाई पुन्हा उठत नसे, हे अख्ख्या खोऱ्याला ठाऊक होतं. आधी पाई, मग गुडघ्यावर गोधडी, मग फुलं.

म्हणून आर्लेटाने गुपचूप टपालाने नवी माशी मागवली. काजव्यासारखी हिरवीगार, आंधळ्यालाही दिसावी अशी. प्रश्न होता ती बसवायची कुणी. खोऱ्यात बंदुका दुरुस्त करणारा एकच, तिचा दीर होबर्ट. हात बरा होता, पण त्याच्याकडे दिलेलं पिस्तूल दुकानात राही आणि बातमी तेवढी गावात फिरे.

चर्चच्या जेवणात तिने त्याच्या ताटात घेवड्याची उसळ वाढता वाढता खडा टाकून पाहिला.

"होबर्ट, समजा एखाद्याला माशी बदलायची असली तर?"

"कुणाला?"

"एखाद्याला म्हटलं ना! खा गुमान."

"वहिनी, घरच्या घरी ठोकाठोकी करणारी माणसं आहेत म्हणून तर माझी चूल पेटते. त्या एखाद्याला सांग, माशी डावीकडून ठोकायची आणि उजवीकडे बाहेर काढायची. पण त्यापेक्षा माझ्याकडे आण म्हणावं."

"तुझ्याकडे आणलं तर न्यायला पतवंडं जन्माला यावी लागतील."

डॉयल लाकडाच्या गिरणीवर गेला तशी ती नवऱ्याच्या जुन्या शेडमध्ये शिरली. पिस्तूल रिकामं केलं, रिकामं आहे ते पुन्हा पाहिलं, वरचा भाग सुटा केला आणि व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळला. खिडकीचा उजेड नीट पडावा म्हणून नळीचं तोंड आपल्याकडे केलं. इथेच माशी शिंकली. समोर तोंड करून बसलेल्याचा उजवा हात आपल्या डावीकडे येतो, हे नवऱ्यासमोर जन्मभर जेवून तिला ठाऊक असायला हवं होतं. पण नवरा पिस्तूल नसतो आणि आर्लेटा कुणाची बाजू धरून विचार करणाऱ्यांतली नव्हती. उजवं म्हणजे तिचं उजवं. ती ठोकू लागली.

माशी जराशी सरकली आणि अडून बसली. आर्लेटाने आणखी ठोकली, ती आणखी घट्ट झाली. मग चुचकारलं, तेल पाजलं, तिच्या सात पिढ्यांचा उद्धार केला. माशी ना पुढे जाईना ना मागे येईना. हिरवी माशी डबीतच राहिली. शेवटी तिने नातीची लाल नखपॉलिश आणली आणि अडलेल्या माशीलाच फासली. आता खाचेत लाल ठिपका दिसायला लागला. माशी किती तिरकी झाली, हे दिसलं असतं तर हा उपद्व्याप करावाच कशाला लागला असता? बार काढून बघायचीही सोय नव्हती, कारण सून शेजारच्याच घरात होती आणि तिचे कान सशाचे.

स्पर्धेच्या दिवशी लांब फळीवर पुठ्ठे असे ठोकले होते की एकाचा ठिपका दुसऱ्याच्या ठिपक्यापासून वीतभर. आर्लेटाच्या उजव्या हाताला, शेजारच्या पुठ्ठ्यासमोर, तिच्याच वयाची ड्रुसी फ्यूगेट उभी राहिली, हातात बारक्या गोळीचं चिमुकलं पिस्तूल.

"आर्लेटा, खुर्ची आणू का गं?"

"आण. हरल्यावर तुला बसायला होईल."

आर्लेटाच्या हातात नवऱ्याचं दांडगं पिस्तूल होतं. लाल ठिपका खाचेत आला, श्वास थांबला, बार झाला. असा सरळ बार खूप दिवसांत सुटला नव्हता.

आगबंबवाल्यांचा म्होरक्या पुठ्ठे घेऊन आला. आर्लेटाचा पुठ्ठा कोरा करकरीत. डॉयलने खाली पाहिलं. ड्रुसीच्या पुठ्ठ्यावर मात्र दोन भोकं होती. कोपऱ्यात वाटाण्याएवढं एक आणि ऐन मध्यावर अंगठा जाईल एवढं दुसरं.

"पुठ्ठा माझा, भोक माझं!" ड्रुसी नाचायला लागली.

"तुझं भोक ते कोपऱ्यातलं. मधलं माझं आहे," आर्लेटा म्हणाली.

"आई," डॉयल हळूच म्हणाला, "म्हणजे तुला आपला पुठ्ठा कुठला तेसुद्धा दिसलं नाही?"

पाई विकणाऱ्या एका बाईने जागा देण्यासाठी खुर्ची सरकवली.

तेवढ्यात होबर्टने तिचं पिस्तूल उचलून रिकामं केलं, डोळ्यासमोर धरलं आणि शिट्टी घातली. "अगं बाई! ही माशी कुणी ठोकली?"

खापर फोडायला लेक जवळच उभा होता. आर्लेटाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा. मग मान ताठ केली.

"मी ठोकली. तूच म्हणालास उजवीकडे काढ."

"कुणाच्या उजवीकडे?"

"माझ्या! मग काय गव्हर्नरच्या?"

"पिस्तुलाच्या, वहिनी! पिस्तुलाच्या!" होबर्ट पोट धरून हसायला लागला. सगळं मैदान हसलं. आगबंबाच्या टपावरचा कुत्राही उठून भुंकला. "माशी पिस्तुलाच्या डावीकडे सरकली की गोळी उलट पळते. अशा माशीने गोळी वीतभर उजवीकडे जाणारच."

आर्लेटा हसणं थांबेपर्यंत थांबली. मग डॉयलकडे वळली.

"काका काय म्हणाला, ऐकलंस? वीतभर उजवीकडे जाणारच. माझ्या ठिपक्यापासून वीतभर उजवीकडे काय आहे?"

डॉयलने फळीकडे पाहिलं. "ड्रुसीमावशीचा ठिपका."

"मग मी नेम कुठे धरला होता?"

"तुझ्या ठिपक्यावर," डॉयल पुटपुटला.

"मोठ्याने. ड्रुसीला ऐकू कमी येतं."

पुठ्ठा ज्याचा त्याचं भोक, या नियमाप्रमाणे तंगडी ड्रुसीला गेली. पण पुढच्या वर्षीच्या नावांत म्होरक्याने आर्लेटाचं नाव सगळ्यात आधी घातलं आणि खुर्ची पुन्हा होती तिथे सरकली.

"पिस्तूल माझ्याकडे ठेवून जा वहिनी," होबर्ट म्हणाला. "वसंतापर्यंत बघू."

"ठेवते. पण जिथे पिस्तूल, तिथे मी."

सोमवारी ती विणकाम घेऊन त्याच्या दुकानातल्या खुर्चीत जाऊन बसली. हिरवी माशी बघून होबर्टने तोंड उघडलं, तिने सुई रोखली, त्याने तोंड मिटलं. दुपारच्या आत माशी बसली. पण आर्लेटाला ती खुर्ची आवडली होती, ती उठायचं नावच घेईना. मग तिच्या नजरेखाली होबर्टने गावातल्या आणखी तिघांची रखडलेली कामं निमूटपणे उरकली.