धारेची साडी

माझ्या नवऱ्याला, विशालला, निसर्गात राहायची हौस आली. आता पणदऱ्यात आमचं घर उसाच्या फडाला लागून. दारात गोठा, मागं दोडक्याचा मांडव, घुबड बोलतं ते थेट उशाशी. उन्हाळ्यात अख्खं घर अंगणात झोपतं. एवढा निसर्ग कमी पडला म्हणून या माणसानं बारामतीला जाऊन तंबू विकत आणला. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण थोडी अक्कल तरी असावी.

कॅम्पिंग हा शब्द त्यानं घरात आणला आणि मग दुसरं काही कुणाला बोलू दिलं नाही. जेवताना मोबाईल तांब्याला टेकवून तो व्हिडिओ बघायचा. कुणीतरी दाढीवाला डोंगरावर बसून चहा उकळतोय, आणि हा भाकरीचा घास हातात धरून तोंड उघडं टाकून बघतोय. चहाच उकळत होता ना तो? मी रोज उकळते, माझ्याकडं कधी कुणी असं बघितलं नाही.

मग अंगणात तंबू उभा करायची तालीम झाली. दोरीला कसली गाठ मारायची, त्यासाठी त्यानं तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा मागं घेऊन बघितला. वारा आला, गाठ सुटली आणि तंबू कोंबड्यांवर बसला. मग विशाल म्हणाला, आपली जमीन बरोबर नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी आजवर नुसती ऐकली होती, त्या दिवशी आमच्याच अंगणात घडताना बघितली. शेवटी मी गाईच्या दाव्याला मारते तीच गाठ मारून दिली. तंबू हलला नाही. तर साहेब म्हणाले, ही गाठ कॅम्पिंगची नाही.

जायचं होतं इंदापूर तालुक्यात, उजनीच्या पाण्याकाठी, कुंभारगावच्या पुढं. हे ऐकलं तेव्हा मात्र माझं हसू थांबलं. तो काठ माझ्या माहेरचा. धरणाचं पाणी ओसरलं की उघड्या पडलेल्या गाळात आमचे वडील कलिंगडं लावायचे, आणि राखणीला आम्ही सगळी भावंडं तिथंच पोत्यावर झोपायचो. त्याला कुणी कॅम्पिंग म्हणत नव्हतं. सकाळी डोळे उघडले की समोर पाणी आणि पाण्यात उभे लाल पायांचे पक्षी. वडील गेले, ती गाळाची शेती दुसऱ्याच्या हातात गेली. लग्न झाल्यापासून मी त्या पाण्याकाठी एकही रात्र राहिले नाही. मला जायचं होतं. मला फार जायचं होतं, आणि हे घरात कुणी विचारलंही नव्हतं.

कारण आमच्या घरातून सगळी माणसं एका वेळी कधीच बाहेर पडत नाहीत. गोठ्यात तीन गायी. दोन धारेच्या मशीनला गुमान उभ्या राहतात, त्या शेजारचा कुंडलिक बघणार होता. तिसरी हौशी. ती मशीन बघितलं की लाथ झाडते आणि माझ्याशिवाय कुणाला सडाला हात लावू देत नाही. एक वेळ धार चुकली तरी तिची कास दगडासारखी होते, मग डॉक्टर आणा, सुया टोचा. ती पाडी होती तेव्हापासून मी सासूबाईंनी दिलेली एक हिरवी साडी नेसून तिच्याजवळ बसते. एरवी मी गाऊनमध्ये नाहीतर ड्रेसमध्ये असते, पण धारेला तीच साडी, आणि ती साबणात कधी घालायची नाही, नुसती पाण्यातून काढायची. हौशीला तिचा वास कळतो. मोना झाली तेव्हा मी दवाखान्यात होते. माझ्या सासूबाईंनी, ठमाबाई आत्यांनी, तीच साडी गुंडाळून धार काढली आणि हौशीनं निमूट दूध दिलं. म्हणजे तोडगा घरात सगळ्यांना माहीत होता. पण आता आत्यांचे गुडघे वाकत नाहीत. कुंडलिक सडाफटिंग, त्याच्या घरात बाईमाणूस नाही, आणि परक्या पुरुषाला माझी साडी देणार कोण? अप्पांचं, माझ्या सासऱ्यांचं, तर नावच काढायला नको. राहिला एकच माणूस, आणि तो तंबूच्या पिशवीला कुठली दोरी शोभंल याचा विचार करत होता.

तेव्हा ठरवायचं काही उरलंच नव्हतं. जेजुरीला हे सगळे गेले, मी राहिले. महाबळेश्वरला गेले, मी राहिले. तिथून माझ्यासाठी चप्पल आणली, तीही एका मापानं लहान.

सामान बांधणं सुरू झालं तेव्हा तर बघवत नव्हतं. कॅम्पिंग म्हणजे कमीत कमी वस्तूंत राहायचं, असं विशाल दाढीवाल्याच्या आवाजात सांगायचा आणि दर वाक्याला एक वस्तू वाढायची. डोक्याला बांधायची बॅटरी आणली. रात्री उसाला पाणी धरायला जाताना हीच बॅटरी डोक्याला बांधायला त्याला लाज वाटते. झोपायच्या पिशव्या आणल्या. त्यात शिरल्यावर आत्यांना श्वास लागेना, म्हणून पिशव्यांखाली घालायला गाद्या काढल्या. गाद्या आहेत तर उशा पाहिजेत. शेगडी घेतली, सिलेंडर घेतला. चटणीला मिक्सर घेतला, तिथं वीज नाही म्हटल्यावर मिक्सर ठेवून खलबत्ता घेतला, आणि मग गाणी लावायला इन्व्हर्टरची बॅटरी नेणारच आहोत म्हणून मिक्सर परत घेतला.

अप्पा म्हणाले, मी भुईला झोपणार नाही. जन्मभर पाटाच्या कडेला पोतं टाकून झोपलेला माणूस. त्यांची बाज बोलेरोच्या टपावर चढली. आत्यांनी भीमामाईची ओटी भरायला खण-नारळ घेतला, मटणाच्या डब्यावर कोळसा आणि लाल मिरची ठेवली, बाहेरचं काही लागू नये म्हणून, आणि पाहुण्यांच्या लग्नाला निघाल्यासारख्या भाकरी थापायला लावल्या. थापल्या कुणी? मीच. जी येणार नव्हती तिनं सगळ्यांचं जेवण बांधलं. विशाल मध्ये मध्ये येऊन डबे हलके नाहीत म्हणून नाक मुरडत होता. उंटावरून शेळ्या हाकायला याच्याइतका पटाईत माणूस साऱ्या बारामती तालुक्यात सापडायचा नाही.

दुपारी गाडी भरून झाली. मागच्या सीटवर अर्ध्या जागेत गाद्या छतापर्यंत. उरलेल्या अर्ध्यात आत्या आणि मोना, पुढं अप्पा आणि विशाल. माझ्यासाठी जागा ठेवायचं सोंगसुद्धा कुणी केलं नव्हतं. मी हात पुसत ओट्यावर उभी होते. मोनाचा पत्ता नव्हता. ती आमची एकुलती एक, सहावीतली. हाका मारल्या तेव्हा ती गोठ्यातून आली.

तिनं माझी हिरवी साडी गुंडाळली होती. शाळेच्या ट्रॅकपँटवरून, कशीतरी, पदर शेणात लोळत.

"आई, तू जा," ती म्हणाली. "मी ऱ्हाते. साडी असली की हौशी काय करत न्हाय. मी आत्ता बसले हुते तिच्याजवळ, लाथ न्हाय मारली तिनं."

मला वाटलं, आता कुणीतरी म्हणेल, अगं वेडे, तुझ्यासाठी तर निघालोय. अप्पा म्हणाले, पोरगी गुणाची निघाली. आत्या म्हणाल्या, बाईच्या जातीला कधीतरी शिकावं लागतंच. आणि विशाल टपावरच्या बाजेची दोरी आवळत, मागं वळूनही न बघता म्हणाला, "व्हय की. एकदा तिचा हात बसला म्हंजे कायमचं काम झालं."

कायमचं. मी त्या पोरीकडं बघितलं. ती हसत होती. आपण आईला सोडवलं असं तिला वाटत होतं. आत्यांनी साडी माझ्या अंगावर टाकली तेव्हा मीही अशीच हसले असणार. तोवरचा माझा सगळा राग गमतीचा होता, हे मला तेव्हा कळलं.

मी साडी तिच्या अंगावरून ओढून काढली. मोनाला वाटलं मी तिला रागावले, ती बिचारी रडवेली झाली. मी सरळ गाडीपाशी गेले आणि साडी नवऱ्याच्या गळ्यात टाकली.

"मोना येनार, मी येनार," मी म्हणाले. "तुमी ऱ्हावा."

तो हसला. मी हसत नाही हे बघून थांबला. खालच्या आवाजात म्हणाला, मी साडी नेसू? कुंडलिक येणार आहे संध्याकाळी, बघितलं तर गावभर करंल.

"आत्या नेसल्या. मी नेसते. आता पोरगी निघाली नेसायला," मी म्हणाले. "आमची कुनाची लाज गेली न्हाय. तुमचीच तेवढी जाती व्हय?"

अप्पा पुटपुटले की गडी माणसाला हे शोभत नाही. मग गाडी कोण चालवणार, असा विशालनं शेवटचा खडा टाकून बघितला. रोज सकाळी हे अंथरुणात लोळत असतात तेव्हा दुधाचे कॅन घेऊन हीच बोलेरो डेअरीवर कोण नेतं, हे त्याचं त्यालाच आठवलं असावं, कारण मी काही बोलायच्या आत तो पुन्हा बाजेची दोरी आवळायला लागला. मी आत्यांकडं बघितलं. मला वाटलं, आता इथं घोडं पेंड खाणार. आत्यांनी मटणाचा डबा मांडीवर घट्ट धरला होता.

"मटान नासंल," त्या म्हणाल्या. "कोन बी ऱ्हावा, पन गाडी काढा."

माझ्यासाठी म्हणाल्या नाहीत, मटणासाठीच म्हणाल्या. मला तेवढं पुरलं. मी विशालच्या जागेवर बसले आणि गाडी काढली. आरशात तो अंगणात उभा दिसत होता, गळ्यात साडी आणि डोक्याला ती बॅटरी.

पाण्याकाठी पोचल्यावर अप्पांनी आधी आपली बाज उतरवून घेतली आणि आडवे होऊन घोरायला लागले. आत्यांनी ओटी भरली आणि लगेच डबा उघडला. तंबूला मी दाव्याचीच गाठ मारली. मिक्सर गाडीतून कुणी काढलासुद्धा नाही. मी पोतं अंथरून बसले, पाय गाळात सोडले. गाळाचा वास तोच होता. पक्षी आले होते. ते बघताना मोनाच्या हातातली भाकरी तशीच राहिली. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले, आणि ते मी कुणापासून लपवलं नाही. तसंही माझ्याकडं कुणी बघत नव्हतं.

दिवस कलायला फोन वाजला. विशाल होता. गोठ्यातून बोलत होता, कुजबुजत.

"दार लावून घेतलंय," तो म्हणाला. "साडी गुंडाळली, पन हौशी मान वळवून बघती आन पान्हा चोरती. तुझ्यावानी दिसंना गं. पदर कुठल्या खांद्यावर घेतीस तू?"

मोनाच्या जन्माआधीपासून मी त्या गोठ्यात रोज दोन वेळा बसत होते. त्याच दारातून तो रोज येत-जात होता.

"डाव्या," मी म्हणाले आणि फोन ठेवला.