ट्रुसबाईंचं कपाट आणि माझे बेचाळीस मजले

मी एक मनोरा आहे, आणि जुना तर मुळीच नाही! रॉटरडॅममध्ये मास नदीच्या काठी परवा परवा बांधून झालो. मित्रांनो, म्हाताऱ्या वस्तूंनी हळहळत आपली कहाणी सांगावी अशी रीत आहे, पण मला हळहळायला अजून काही मिळालेलंच नाही. उलट सांगताना आनंदाने धाप लागते.

माझा जन्म चिखलातला. इथली जमीन इतकी भुसभुशीत, की आधी साठ मीटर खोल खांब रोवले तेव्हा कुठे मला पाय फुटले. मला आखलं मिर्ते नावाच्या तरुण वास्तुकार बाईने. तिने माझा प्रत्येक मजला खालच्यापेक्षा जरासा वळवला, पिळलेल्या टॉवेलसारखा. लोक म्हणाले, "याला चक्कर आलेली दिसते." म्हणोत बापडे! त्या पिळामुळे समुद्राकडून येणारा वारा माझ्या अंगावर फुटतो आणि माझ्या गॅलऱ्या एकमेकींच्या डोक्यावर न बसता बाजूला सरकतात. फुटलेल्या काचा बदलायला छपरावर एक लांब लोखंडी हातही आहे. माझं रूप बिघडू नये म्हणून मिर्तेने तो दडवून ठेवला आहे.

माणसं राहायला आली आणि माझं कौतुक सुरू झालं. मी फुगलो होतो, खोटं कशाला बोलू? आणि मग एके सकाळी एकतिसाव्या मजल्यावर राहायला ट्रुसबाई आल्या, वय अठ्ठ्याहत्तर. सोबत ओक लाकडाचं भलंमोठं कपाट. त्यांचे दिवंगत नवरे, लेन, हे जहाजांचे सुतार होते. लग्नात त्यांनी ते स्वतः घडवलं होतं, एकही खिळा न ठोकता.

कपाट लिफ्टमध्ये जाईना. आडवं नाही, उभं नाही, तिरकं नाही.

घोटाळा असा झाला होता. ट्रुसबाईंच्या जुन्या गल्लीत जिने शिडीसारखे उभे. म्हणून प्रत्येक घराच्या छपराखाली, भिंतीबाहेर, एक लोखंडी आकडा असतो आणि सगळं सामान दोराने खिडकीतून आत येतं. तिथे जन्मलेला माणूस दार कधी मोजत नाही, खिडकी मोजतो. बाईंनी गॅलरीचं सरकतं दार मोजलं होतं, ते ऐसपैस होतं, आणि त्या निर्धास्त झाल्या होत्या. गंमत म्हणजे मिर्तेही त्याच गल्लीत वाढलेली. लिफ्टमध्ये कपाट मावेल का, हे तिच्याही मनात आलं नव्हतं.

"आकडा कुठंय?" ट्रुसबाईंनी विचारलं.

"बाई, आकडा... ठेवला नाही," त्या सकाळी पाहणीला आलेली मिर्ते पुटपुटली.

"बेचाळीस मजले चढवलेस आणि एक आकडा नाही? तुझ्या आईला कळलं तर काय म्हणेल?"

हमालांपैकी एकजण म्हणाला, "सांधे सोडवून वर नेऊ की."

"हात लावून तर बघ! सरस लावून बसवलेत लेनने. सुटायचे नाहीत, फुटतील." मग बाईंचा आवाज एकदम खाली आला. "राहू दे गं. कपाट खाली, तर मीही खाली. बहिणीकडे जाईन. ह्या घे किल्ल्या."

मित्रांनो, माझा सगळा तोरा तिथेच उतरला. माझ्याच दाराशी येऊन माणूस परत निघालं होतं!

तेवढ्यात छपरावरचा तो लोखंडी हात चालवणारा निल्टन पाव खात पुढे आला. "एक काच या कपाटापेक्षा जड असते, मॅडम. उचलतो की. पण दुपारी वारा वाढणार आहे. काय ते आत्ता बोला, नाहीतर राहिलं."

मिर्तेने एकदा माझ्याकडे वर पाहिलं. "जोखीम माझी. पीळ जिथे आत वळतो त्या बाजूने घे, तिथे वारा कमी लागतो."

खालचा रस्ता दोर लावून मोकळा केला. निल्टन छपरावर गेला, लोखंडी हात बाहेर आला, लांबला, आणि कपाट जमिनीवरून सुटलं! दहा मजले, पंधरा मजले. विसाव्याला वाऱ्याने त्याला गाठलं. कपाट गोल फिरू लागलं. ट्रुसबाईंनी डोळे झाकले. माझा एकुलता एक हात निल्टनच्या ताब्यात, मी काय करणार? उभं राहण्यापलीकडे मला काही येत नाही, तेच मी जीव तोडून केलं. कपाट चोविसाव्याला माझ्या पिळाच्या आडोशाला आलं, वारा माझ्या कडेवर फुटला आणि ते शांत झालं. एकतिसाव्याला गॅलरीवर दुसरी गॅलरी आडवी नव्हती. तिथे थांबलेल्या हमालांनी दोर ओढला आणि कपाट अलगद आत आलं. खाली रस्त्यावर असा जल्लोष झाला की माझ्या काचा थरथरल्या!

दुपारी बाईंनी सगळ्यांना कॉफी दिली. प्रत्येकाला एकेक बिस्किट, आणि डबा बंद; इथली पद्धतच तशी. मग त्यांनी डबा पुन्हा उघडला आणि निल्टनला दुसरं बिस्किट दिलं. त्याने ते दोन्ही हातांनी घेतलं.

"मला माफ करा, बाई," मिर्ते म्हणाली.

"माफी कसली मागतेस? पुढचा मनोरा काढायच्या आधी माझ्याकडे ये. काय काय विसरतेस ते मी सांगते." असं म्हणून ट्रुसबाईंनी तिच्याकडून किल्ल्या परत घेतल्या आणि कपाटाच्या वरच्या कप्प्यात ठेवल्या.

मित्रांनो, मोठे होऊन तुम्हीही घरं बांधाल. जरूर पिळा, जरूर वळवा, आभाळाला भिडवा. पण कागदावर पहिली रेघ ओढण्याआधी जो राहायला येणार त्याच्या जुन्या घरी जा आणि विचारा, "तुमच्यासोबत काय काय येणार आहे?"